रिकाम्या घरांचं धुणं

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ओळ सुरू होते वर आणि संपते खाली, आणि कुठली वेलांटी ऱ्हस्व, कुठली दीर्घ हे मला शाळेतही कळत नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही माझ्या मुलीची, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत मला नीट बोलता येत नाही, लिहिताना तरी कुणी तोंडाकडे बघत नाही. तरी वही घरात आहे म्हणजे कधीतरी कुणाच्या हाती लागणारच. ज्याच्या हाती लागेल त्याने चुका पोटात घालाव्यात. ठाकुर्लीच्या त्या इमारतीतले आमचे दिवस कसे गेले ते सांगताना मी स्वतःला फार गरीब, फार अजाण करून सांगत आले. इथे तसं करायचं नाही, असं ठरवून बसले आहे.

आम्ही घाटावरचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधकामांवर वॉचमन होते. इमारत उभी होईपर्यंत आम्ही तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात राहायचं आणि ती पुरी झाली की खोपट मोडून दुसऱ्या इमारतीच्या पायथ्याशी जायचं, अशी आमची रीत. अण्णा, आई, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान शोभा. ठाकुर्लीला मात्र वेगळं झालं. इमारत पुरी झाली तरी शेठ म्हणाले, जाऊ नका, तळमजल्याच्या खोलीत राहा, भाडं नको. शेठ म्हणजे कंत्राटदार, त्यांना सगळे शेठच म्हणायचे. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर चार घरं. एवढ्या सगळ्या घरांत राहणारे आम्ही चौघंच. मी पंधरा वर्षांची होते आणि गिलावा केलेल्या भिंतीला पाठ लावून बसायची ती माझी पहिली वेळ. भिंत गार लागायची. फरशीवर शोभा लोळत राहायची, तिला उठवावं लागायचं. दाराला अजून फळी नव्हती, गोणपाट लावलेलं. आई गॅलरीत तीन विटांची चूल मांडून हुलग्याचं माडगं करायची, कधी ज्वारीची भाकरी आणि ठेचा. ठेचा वाटताना वरवंट्याचा आवाज जिन्यातून वर जायचा आणि रिकाम्या खोल्यांत फिरून परत यायचा. आई खोकली तर तिसऱ्या मजल्यावरही कुणीतरी खोकल्यासारखं वाटायचं. शोभा घाबरायची. मला ते आवडायचं.

इमारत विकली जात नव्हती. आजूबाजूला भातखाचरं, स्टेशनपासून पायवाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. गिऱ्हाईक यायचं, मान वर करून बघायचं आणि परत जायचं. एका सकाळी शेठ मोठं बोचकं घेऊन आले. त्यात बोहारणीकडून आणलेले जुने कपडे होते. साड्या, परकर, पोरांच्या खाकी चड्ड्या, एक धोतर, सदरे. अण्णांना म्हणाले, "मामा, बाल्कनी मोकळी दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, कुणी घेत नाही म्हणजे काहीतरी खोट असणार. हे धुऊन सगळीकडे वाळत टाकायचं. रोज बदलायचं. संध्याकाळी चार-सहा खोल्यांतले दिवे लावायचे."

अण्णा डोकं खाजवत म्हणाले, "पण शेठ, कुणी इचारलं तर?"

"कोण विचारतंय? आणि विचारलं तर सांगायचं, कामावर गेलेत."

हे काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी कपडे नुसते टाकून आले. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की एकाच दोरीवर धोतर आणि नर्सचा पांढरा झगा शोभत नाही. मग मी घरं लावली. पहिल्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं, म्हणून तिथे दोनच साड्या, पण चांगल्या. त्यांच्या शेजारी तीन मुलांची बाई, तिथे खाकी चड्ड्यांची रांग. दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा ठेवले. एकटे. धोतर, बंडी आणि एक टोपी. दारापुढे रांगोळ्या काढल्या, प्रत्येक दाराची वेगळी, कारण एका हाताच्या रांगोळ्या बाईमाणसाला लगेच ओळखता येतात. जुन्या चपला आणून दाराशी ठेवल्या. गिऱ्हाईक येणार असलं की आई लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, वास वरपर्यंत जायचा. हे सगळं मला कुणी मारून मुटकून करायला लावलं असं मी पुढे कितीतरी वर्षं मनाशी म्हणत आले. तसं नव्हतं. मला त्यात गोडी लागली होती. शाळेत जे मला कधी आलं नाही, ते इथे येत होतं.

जमीन ज्यांची होती त्या घरातली म्हातारी गवत कापायला मागच्या बांधावर यायची. एकदा विळा कमरेला खोचून वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आगो पोरी, कवरी कपरी ही! मानसा कवरी तुमी?"

कपडे एवढे, मग माणसं किती, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "पुष्कळ राहतात आजी. कामावर गेलेत."

"आन धुनी तू एकलीच घालतंस?" म्हणून ती खो खो हसली आणि भारा उचलून गेली. आई आतून म्हणाली, "ह्या बयेला सगळं कळलंय. तू आपली तोंड बंद ठेव." मला वाईट वाटलं ते पकडले गेले म्हणून नाही. माझं काम कच्चं राहिलं म्हणून वाटलं.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं पाण्यावरच आलं. इमारतीला नळाचं पाणी नव्हतं. नळ होते, पाइप होता, गच्चीवर टाकी होती, पण कार्पोरेशनची जोडणी झाली नव्हती आणि कधी होईल ते शेठलाही माहीत नव्हतं. शनिवारी टँकर येऊन टाकी भरून जायचा. रविवारी गिऱ्हाईक आलं की शेठ मोरीतला नळ पुरा सोडायचे आणि म्हणायचे, "बघा फोर्स!" पाणी फरशीवर धाडधाड पडायचं. सोमवारपर्यंत टाकी रिकामी, कारण शेठ अण्णांना उरलेलं पाणी बागेला आणि भिंतींना मारायला सांगायचे. आम्ही स्वतः खाचरापलीकडच्या विहिरीवरून हंडे आणायचो. सकाळी तीन खेपा, संध्याकाळी दोन. माझ्या डोक्यावर चुंबळीचा चट्टा पडला होता.

मुलीच्या घरासाठी मध्यंतरी आम्ही फिरलो तेव्हा मी तिला सांगत होते, घर बघायला रविवारी जाऊ नये. आठवड्याच्या मधल्या वारी, भर उन्हाळ्यात, दुपारच्याला जावं. भिंतीवर हात फिरवावा, ओल हाताला कळते. जिन्यात उभं राहून कान द्यावा. आणि विकणाऱ्याला काही विचारू नये, धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारावं, असं सगळेच सांगतात. हे शेवटचं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.

नलूवहिनी रविवारी नवऱ्याबरोबर घर बघून गेल्या होत्या, आणि मंगळवारी दुपारी एकट्या परत आल्या. सावळ्या, ठेंगण्या, चालताना पदर कमरेला खोचलेला. पाय चिखलाने भरलेले. मी तिसऱ्या मजल्यावर दोरीशी होते. त्या थेट वर आल्या, धापा टाकत कठड्याला टेकल्या आणि हसल्या.

"काय गं, तू इथलीच ना? वॉचमनची मुलगी?"

"हो."

"नाव काय?"

"सुमन."

"हे बघ सुमन, आमचे हे कोलशेतला कंपनीत आहेत, त्यांना सुट्टी रविवारचीच. ते भिंती बघतात आणि भाव करतात. मी म्हटलं, आपण एकदा बाईमाणसाला विचारावं. इथे डोंबिवलीला दोन खोल्यांत सासू, दीर, आम्ही, सगळे. या घरात माझ्या पाटल्या जायच्यात आणि ह्यांच्या फंडातलं कर्जही. परत घर घ्यायची ऐपत आमची नाही. म्हणून विचारते. तू खरं सांग. पाणी येतं?"

माझ्या हातात आजोबांची बंडी होती. मी म्हटलं, "येतं की. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास."

"आत्ता सोडून बघू का नळ?"

"आत्ता वेळ नाही वहिनी. कार्पोरेशनचं वेळेवर असतं."

हे लिहिताना पेन थांबतं. शेठनी मला "कामावर गेलेत" एवढंच शिकवलं होतं. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक, हे माझं. वेळेवर असतं, हेही माझं. आणि एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी विचारलं, "शेजार कसा आहे?" आणि मी सुटले. पहिल्या मजल्यावरच्या जोडप्याचं सांगितलं, तीन मुलांच्या बाईचं सांगितलं, आणि म्हटलं, "दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा आहेत, एकटेच, पण फार बोलके. मला अंक शिकवतात." वहिनींनी माझ्या गालाला हात लावला. म्हणाल्या, "बरं झालं बाई. म्हातारं माणूस शेजारी असलं की घराला राखण असते." आणि जिना उतरून गेल्या. त्या रविवारी त्यांनी इसार दिला.

त्यांच्यामागोमाग आणखी दोन घरं विकली गेली. शेठ अण्णांना म्हणाले, "मामा, पोरगी हुशार आहे तुमची." अण्णांना प्रत्येक खोलीमागे वर काही मिळायचं. त्या आठवड्यात आमच्याकडे मटण झालं. मी दोनदा वाढून घेतलं.

वहिनींनी वास्तुशांत केली ती साधीच. भटजी, सासू, दीर, चार नातेवाईक. आदल्या दिवशी शेठनी टँकर मागवला होता, त्यामुळे नळाला पाणी होतं आणि सासूबाई येईल जाईल त्याला नळ सोडून दाखवत होत्या. आम्हालाही बोलावलं. आई लाजून आली नाही, मी गेले. शिऱ्याचा वास, कापराचा धूर, नवीन रंगाचा वास. वहिनी हिरवी साडी नेसल्या होत्या आणि हात मोकळे, पाटल्यांच्या जागी काचेच्या बांगड्या. त्यांनी एका ताटलीत शिरा, दोन केळी आणि पुरणाची पोळी ठेवली, वर फडकं घातलं आणि म्हणाल्या, "चल गं सुमन, मला तुझ्या आजोबांचं दार दाखव. प्रसाद देते आणि पायाही पडते."

मी म्हटलं, "मी देते ना वहिनी. त्यांना दुपारी झोप लागते."

"अगं, मग पाया कधी पडू?"

"मी सांगते त्यांना. उठले की बोलावते."

सासूबाई म्हणाल्या, "देऊ दे पोरीला, तू भटजींचं बघ." आणि ताटली माझ्या हातात आली.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी जाऊन उभी राहिले. दाराला कुलूप नव्हतं. आत काही नव्हतं, एका कोपऱ्यात चुन्याचं घमेलं आणि बाल्कनीत वाळलेलं धोतर. वरून बोलण्याचे, भांड्यांचे आवाज येत होते. ताटली परत नेता येत नव्हती, फेकता येत नव्हती, प्रसाद होता. शेवटी खाली बसून मी तो खाल्ला. सगळा खाल्ला. शिरा तुपाने थबथबलेला होता, बदामाचे काप होते, असा शिरा मी त्याआधी खाल्ला नव्हता. रडतरडत खाल्ला असं लिहायला बरं वाटलं असतं. रडू आलं नाही. चव चांगली लागत होती, आणि खाताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलं आहे. दोन्ही एकदमच. पोळी मात्र फडक्यात गुंडाळून शोभाला दिली. ताटली विसळायला पाणी हवं होतं म्हणून खोलीतला नळ सोडला. टाकीतलं टँकरचं पाणी आलं. वर जाऊन म्हटलं, "आजोबांनी आशीर्वाद दिलाय."

तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले. पहिला आठवडा वहिनी थांबल्या, पाइपाचं काम असेल म्हणून. मग त्यांच्या पायऱ्यांवरच्या खेपा सुरू झाल्या. विहीर ते तिसरा मजला. सकाळी नवरा कामावर जायच्या आत आणि संध्याकाळी तो आल्यावर. त्या डोंबिवलीला एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या, ते काम सुटलं, कारण पुढे सगळ्यांनी वर्गणी काढून टँकर लावला तो सकाळी दहा-अकराला यायचा आणि तेव्हा खाली उभं राहिलं नाही तर हंडे रिकामे राहायचे. आजोबा नाहीत हेही कळलं. ते कसं कळलं मला माहीत नाही, त्यांनी मला विचारलं नाही. फक्त एकदा दोन हंडे घेऊन दुसऱ्या मजल्यावर टेकल्या आणि मला बघून म्हणाल्या, "आजोबांना म्हणावं, एक हंडा उचलायला या." आणि स्वतःच हसल्या. मी खाली पळाले.

मोठं भांडण झालं ते शेठ यायचे बंद झाल्यावर. सगळी बिऱ्हाडं आमच्या गोणपाटापुढे जमली. पहिल्या मजल्यावर खरोखरच राहायला आलेली एक बाई ओरडत होती, "ह्या पोरीनंच फसवलं! हिनंच सांगितलं पाणी येतं! एवढीशी आहे पण किती पोचलेली!" अण्णा हात जोडून उभे होते. आई आत शोभाला धरून बसलेली. तेव्हा वहिनी पुढे आल्या. माझ्या आणि त्या बाईच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तिला कशाला बोलताय? लेकरू आहे ते. शिकवलं तसं बोललं. शेठला शोधा, पोरीला काय झोडायचं?"

वहिनींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान खाली घातली आणि त्यांना तसंच समजू दिलं. मला शिकवलं नव्हतं, एवढं एक वाक्य होतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही, आणि महिन्याभराने आम्ही तिथून निघालो तेव्हा वहिनी पायवाटेपर्यंत सोडायला आल्या तेव्हाही बोलले नाही. आठ वर्षांनी तिथे जोडणी आली, हे मला लग्नानंतर कल्याणला कुणाकडून तरी कळलं.

त्यानंतरचं माझं आयुष्य सांगण्यासारखं नाही. लग्न, मुलगी, नवरा लवकर गेला, कोलशेतच्या उंच इमारतींत चार घरी पोळ्या करते. तिथे चोवीस तास पाणी असतं, कणीक मळून झाली की मी नळ लगेच बंद करते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी आणि जावई कल्याणच्या बाहेर नव्या वस्तीत घर बघत होते आणि मला बरोबर नेलं होतं. एका बाल्कनीत एक तरुण बाई कपडे झटकून वाळत घालत होती. माझी मुलगी खालून म्हणाली, "ताई, एक विचारू? पाणी येतं का हो नीट?" ती म्हणाली, "हो, भरपूर!" मुलगी खूश होऊन माझ्याकडे वळली. ती बाई खरंच बोलत असेल. पण मी म्हटलं, "वर जा. तिच्या मोरीत किती बादल्या भरून ठेवल्यात ते बघून ये." मुलगी म्हणाली, "आई, तुला ह्यातलं इतकं कसं कळतं गं?" मी घाम पुसला. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून मी ठाकुर्लीला गेले.

इमारत तीच. खाचरं नाहीत, सगळीकडे दुकानं. तिसऱ्या मजल्यावर वहिनींनीच दार उघडलं. केस पांढरे, गुडघे वाकलेले. मी नाव सांगितलं. "अगं बाई, सुमन!" म्हणाल्या आणि आत ओढलं. सून ऑफिसला गेलेली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, "वहिनी, मला कुणी शिकवलं नव्हतं. पाण्याच्या वेळा मी मनाने सांगितल्या. आजोबाही मीच केले. प्रसाद मीच खाल्ला."

त्या पलंगावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांशी भांडले होते तुझ्यासाठी."

"हो."

"सासूशी पण. ती म्हणायची, पोरगी लबाड आहे. मी म्हणायचे, नाही."

"टँकरचे पैसे मी फेडते," मी म्हटलं. "आठ वर्षांचे."

मला वाटलं, नको म्हणतील. माणसं म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "फेड. तेव्हाची वर्गणी तेव्हाच्या भावाने चालणार नाही मला. आणि माझं काम गेलं त्याचं तर तुला देताच यायचं नाही, ते राहू दे. तू महिन्याला किती कमावतेस?" मी सांगितलं. त्यांनीच ठरवलं. एका घरच्या पोळ्यांचा पगार, दीड वर्ष, दर महिन्याला. "आणि ते मोबाइलवरून पाठवायचं नाही हं. स्वतः घेऊन यायचं. जिना चढून."

दीड वर्ष मी तो जिना चढले. माझेही गुडघे आता दुखतात. वहिनी पैसे मोजून घ्यायच्या, चहा द्यायच्या, कधी द्यायच्या नाहीत. जुनं काही काढायच्या नाहीत. सून घरी असली तर तिला म्हणायच्या, "भिशीचे आहेत." सून चांगली होती, मला मावशी म्हणायची. तिच्यासमोर त्या माझी लाज झाकायच्या आणि मी झाकू द्यायचे, पुन्हा तसंच.

शेवटचा हप्ता द्यायला गेले तो रविवार होता. सून पोळ्या लाटत होती. वहिनी पलंगावर बसून नोटा मोजायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, हे शेवटचे."

सून आतून म्हणाली, "संपली का मावशी भिशी? आता कुणाचा नंबर?"

वहिनींनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले. आवाज इतका बारीक आला की सूनबाईला ओट्यापासून पुढे यावं लागलं.

"भिशी नव्हती गं. तुझ्या सासूबाई हे घर घेत होत्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, पाणी येतं का. मी खोटं सांगितलं, येतं. माझ्या मनाने. आठ वर्षं त्यांनी विहिरीवरून आणि टँकरवरून पाणी वाहिलं. त्याचे हे पैसे."

सून हातात लाटणं घेऊन उभी राहिली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूकडे. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. माझे कान तापले होते, पण मी मान खाली घातली नाही.

"हिच्या बोलण्यात माझं मोजणं चुकलं," वहिनी म्हणाल्या. "तू जा, पोळी बघ आधी." सून आत गेली. वहिनींनी नोटा पुन्हा सारख्या केल्या, अंगठ्याला थुंकी लावली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मी उभी होते. शेवटची नोट ठेवून त्यांनी गठ्ठा उशीखाली सरकवला.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "फिटले."